नळाकडे आधी गेलं तर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, मित्रांत नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. वरून पाहिलं तर फारसं काही दिसणारही नाही — चोरी नाही, मारहाण नाही, कुणाचा संसार मोडलेला नाही. चार हौशी माणसांच्या मंडळातली बाब. एका खेळातली एक बंद वाट.

मी मूळचा पुण्याचा. नोकरीसाठी हैदराबादला आलो आणि इथलाच झालो. दर रविवारी सकाळी बरकतपुऱ्यात तेजसच्या घरी आमचं मंडळ जमतं. तेजस तिशीतला, आयटीतला, मुंबईहून आलेला. आम्ही खेळ लिहितो. गाड्या पळवायचे, गोळ्या झाडायचे ते नव्हेत — वाचायचे. फोनवर चार ओळी येतात, खाली दोन-तीन पर्याय येतात: आत जा, परत फिर, विचार. तुम्ही एक निवडता, गोष्ट त्या वाटेने पुढे सरकते. नाव नाही, पैसा नाही. खेळणारे मिळाले तर तेवढेच.

जमल्यावर आधी प्रत्येकाने आठवड्यातलं ‘गोड’ सांगायचं, अशी आमची रीत आहे. म्हणजे लिहिताना झालेला लहानसा आनंद. तेजसच्या खेळातल्या मांजरीला एकदा दूध पाजलं की ती पुढच्या खोलीतही मागे मागे यायला लागली — त्या एवढ्याशावर आम्ही अख्खी सकाळ खूश होतो. कुणाचा दुकानदार एकाच गिऱ्हाइकाला दोनदा रामराम करायचा थांबला. टाळ्या. बाहेरच्या माणसाला आम्ही खुळे वाटलो असतो. माझ्या आठवड्यातल्या त्या एकाच तासात मला घड्याळाकडे बघावंसं वाटत नसे. आताही मी जातो. आता काही वाटत नाही, पण जातो.

आणखी दोन नियम होते, ते सांगायलाच हवेत. खेळ लोकांसमोर ठेवण्याआधी मंडळातल्या एकानेच तो तपासायचा, सगळ्या वाटांनी — बाकीच्यांनी कोरं राहायचं, म्हणजे त्यांनाही तो नव्याने खेळता येतो. आणि कुणाच्याही खेळाच्या शेवटाबद्दल बैठकीत बोलायचं नाही. मजा जाऊ नये म्हणून. नियम चांगलेच होते. नियमांचा काय दोष?

उषाताई नल्लकुंट्याच्या. घराणं जुनं, निजामाच्या राज्यातलं शेतकरी, पण वडिलांच्या वेळेलाच शहरात आलेलं. जामबागच्या मराठी शाळेत शिकलेल्या. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. यजमानांचं पाण्याच्या मोटारींचं दुकान, मुलगी लग्न होऊन बंगळूरला. त्यांचं मराठी म्हणजे — ‘काय करून राहिले’, ‘हौ’, ‘नक्को’, मधेच उर्दू, मधेच तेलुगू. पहिल्या दिवशी मी मनात हसलो होतो. हेही लिहून टाकतो.

मी तेव्हा एक ऐतिहासिक खेळ लिहीत होतो. एक सरदार खलिता घेऊन गडावर निघालाय. तीन वर्षं निघालाच होता. भाषा शुद्ध, संदर्भ तपासलेले. माझी पाळी आली की सगळे आदराने ऐकायचे. आदराने — कळतंय ना तुम्हाला? एकदा तेजस म्हणाला, “काका, तुमचा सरदार घोड्यावरून उतरणार कधी?” त्यावर उषाताई म्हणाल्या, “उतरवा हो त्याला. बिचाऱ्याला चाय तरी पिऊ द्या.” सगळे हसले. मीही हसलो. त्यांच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता. नंतर त्यांनी खरंच माझ्यापुढे बशी सरकवली, “श्रीकांतराव, राग आला का?” मी म्हणालो, छे.

आला होता का? मला वाटतं, राग नव्हता. राग आला असता तर तो गेलाही असता.

त्यांनी खेळ लिहिला तो त्यांच्या आईवर. काचीगुड्याजवळ दोन भाड्याच्या खोल्या, सामाईक अंगण, अंगणात नळ. शाळकरी मुलगी नापास होऊन घरी येते, प्रगतिपुस्तक दप्तरात लपवलेलं. एवढंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या म्हणायच्या, माझ्या आईसारखं बोलणारं आता घरात कुणी उरलं नाही. नवरा गिऱ्हाइकांशी तेलुगूत, मुलगी इंग्लिशमधी. मुलीला मराठी जुळवून जुळवून वाचता येतं, तेवढ्यात तिला आजी ऐकू यावी. दर रविवारी त्यांचं ‘गोड’ म्हणजे आईचं एखादं नवं वाक्य. “पोरी, चाय ठंडी होऊन राहिली. गुस्सा नंतर कर.” लोक हसायचे, मग म्हणायचे, परत वाचा ना. माझ्या सरदाराला कुणी कधी परत वाचा म्हणालं नव्हतं.

तपासायला खेळ माझ्याकडे आला. त्यांनीच माझं नाव घेतलं — श्रीकांतरावांची नजर बारीक आहे.

खेळ सुरू होतो तो नळाच्या आवाजाने. अंगणात पाणी आलंय, बायकांची गडबड, बादल्या. खाली दोन पर्याय: नळाकडे जा, स्वयंपाकघरात जा. मी नळाकडे गेलो. कुणीही जाईल. बायकांचं बोलणं वाचलं, छान होतं. मग ओळ आली — ‘अंधार पडला. आत कुणी दिसत नाही.’ आणि खाली पर्यायच नाहीत. संपलं. मला आधी वाटलं, असाच शेवट असेल. उदास, अर्धवट. मग मी पुन्हा सुरू केलं आणि स्वयंपाकघरात गेलो.

तिथे आई होती. ती बादली हातात देते, मग मुलगी नळावर जाते, परत येते, आणि मग आई बोलते. बोलतच राहते. प्रगतिपुस्तकाबद्दल एक अक्षर नाही आणि सगळं त्याबद्दलच. मी ते संपेपर्यंत उभ्याने वाचलं. कशाला उभा राहिलो होतो, आठवत नाही.

काय झालं होतं ते माझ्या लगेच लक्षात आलं. ती अंधाराची ओळ त्यांनी तात्पुरती लिहून ठेवली होती आणि तिथून आत जायची वाट जोडायची राहून गेली होती. त्यांना ते कधी दिसणारच नव्हतं. कारण स्वतः खेळताना त्या दर वेळी आधी स्वयंपाकघरातच जात असणार — त्या घरात आईला तोंड न दाखवता बाहेर कोण जाईल? म्हणून तर तपासायला परका माणूस लागतो. मी परका होतो. एक ओळ जोडायची होती.

मी त्यांना लिहिलं: सगळ्या वाटांनी जाऊन आलो. कुठेही अडलं नाही. सुंदर झालंय.

‘सुंदर झालंय’ हे खरं होतं. हे सांगून मी काही कमी करतोय का? नाही. खरं होतं म्हणूनच तर.

तेजसने खेळ नेटवर चढवला. लोकांनी खेळला, मंडळातल्यांनीही. सगळे नळाकडे गेले. अभिप्राय आले — शांत आहे, शेवट चटका लावतो, जरा लवकर संपतो. कुणी पुन्हा खेळायच्या फंदात पडलं नाही; संपलेला खेळ कोण पुन्हा खेळतो? आईची वाक्यं ऐकलेल्या मंडळातल्यांना वाटलं, आई न दिसणं हाच शेवट; आणि बैठकीत शेवटाबद्दल बोलायचं नव्हतं, म्हणून सगळे नुसती मान हलवत राहिले, छान झालंय. उषाताई हसत राहिल्या. मुलीचा बंगळूरहून फोन आला. दोन संध्याकाळी लावून, अक्षरं जुळवत तिने वाचलं होतं. मस्त आहे मम्मी, म्हणाली, छोटंसं आहे पण.

पुढच्या रविवारी जिन्यात त्यांनी मला थांबवलं.

“आईबद्दल कुणीच काही बोललं नाही, श्रीकांतराव. माझ्या पोरीनंसुद्धा. वाचलंच नसेल का त्यांनी?”

बघा, त्यांनी दार उघडूनच दिलं होतं. मी हो म्हटलं असतं तर? माझ्या नजरेतून सुटलं असेल, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी उलट माझीच समजूत काढली असती. मी जिन्याचा कठडा धरून उभा होतो आणि मला अगदी शांत वाटत होतं. मी म्हणालो, “वाचलं असेल हो. पण ती बोली लोकांना जड जाते. प्रमाण मराठी असतं तर पोचलं असतं.”

त्या एक पायरी उतरल्या. मग म्हणाल्या, “हौ. ते आहेच.”

मला म्हणायचंय ते हे. पहिल्या खोट्यात मी फक्त एक चूक लपवली, पण दुसरं मी रचलं. त्यांच्या खेळात जे जिवंत होतं, नेमकं त्यावर बोट ठेवून मी सांगितलं की दोष इथे आहे.

महिनाभराने त्यांनी खेळ माझ्याकडे परत पाठवला. जरा शुद्ध करून द्याल का? मी दिला. आईचं एकेक वाक्य घेऊन बसलो. ‘पोरी, चहा निवतोय. रुसवा नंतर काढ.’ कुठेही चूक नाही. आणि करता करता नळाकडून आत जायची ती वाटही मी जोडून टाकली. त्यांना न सांगता. म्हणजे बघा — आई बंद होती तोवर ती त्यांची होती. मी दार उघडलं तेव्हा आत माझी आई बसवली होती.

त्यांनी ती नवी प्रत वाचली. “बरोबर आहे,” एवढंच म्हणाल्या. जुनी पुसून तिच्या जागी नवी ठेवली, तेजसनेही चढवताना जुनी काढली. या वेळी लोक आईपर्यंत पोचले. बरं लिहिलंय म्हणाले. परत वाचा असं कुणी म्हटलं नाही. मी सांगितलं होतं तसं प्रमाण मराठी पोचलं, आणि कुणाला काही झालं नाही.

त्यानंतर उषाताईंनी लिहिलं नाही. येतात. इतरांचे खेळ तपासतात, माझ्यापेक्षा प्रामाणिकपणे. बोलणंही बदललंय त्यांचं, बैठकीत तरी. ‘करून राहिले’ म्हणता म्हणता थांबतात आणि ‘करत आहे’ म्हणतात, आणि माझ्याकडे बघतात. बरोबर ना, अशा अर्थाने. मी मान डोलावतो.

यंदा त्यांची मुलगी सुटीला आली तेव्हा तिने तो खेळ पुन्हा उघडला. उषाताईंनीच मला ते सांगितलं, बैठक सुटल्यावर, चपला घालता घालता. म्हणे, पोरगी वाचून म्हणाली — आजी अशी बोलायची? मला वेगळंच काही आठवत होतं. “मग मी म्हणाले, नाही गं, अशीच बोलायची.” हे सांगून त्या हसल्या. मग पट्टा लावायला वाकल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “ती जुनी आई आहे का हो तुमच्याकडे? तपासायला पाठवली होती ती? माझ्याकडं तर नाही राहिली.”

“नाही,” मी म्हणालो. “फोन बदलला ना मधे.”

होती. फोनमध्ये नव्हती, घरच्या कॉम्प्युटरवर होती. तिचं वेगळं फोल्डरही होतं. अधूनमधून मी उघडून वाचायचो.

त्या म्हणाल्या, असू द्या, खाली-पिली परेशान नका होऊ. मी घरी आलो. जेवलो. कॉम्प्युटर लावला. ती मी त्यांना पाठवू शकत होतो, अजून वेळ गेली नव्हती. जुन्या सामानात सापडली म्हटलं असतं, त्यांनी काही विचारलंही नसतं. मी ते फोल्डर काढून टाकलं. कचऱ्याच्या डब्यात जातं तिथूनही काढलं. सकाळी जे बोललो होतो ते निदान आता खोटं राहिलं नव्हतं.