दुसरी वेलांटी

सहावीत शाळा सुटली आणि वेलांट्या अर्ध्यावरच राहिल्या. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, काही कळायचं नाही. चुकायची भीती, म्हणून सगळीकडे पहिलीच द्यायचो. कोकणातून नागपूरला येऊन वाडी भागातल्या एका गोदामात गठ्ठ्यांवर पत्ते लिहायला लागलो, तिथे वेलांटीकडे बघतो कोण?

प्रताप नगरातल्या कवी मुलांनी बघितलं. ती एक अनियतकालिक काढत. वीसेक वर्षांपूर्वी याच शहरातल्या काही तरुणांनी व्याकरणाविरुद्ध बंड म्हणून दुसरी वेलांटी टाकून दिली होती. या मुलांना ते तरुण म्हणजे देव. अंकासाठी मी पाठवलेली कविता वाचून त्यांना वाटलं, हाही त्याच पंथाचा. मी त्यांना तसंच समजू दिलं. या मुलखात मला नावानं हाक मारणारं दुसरं कुणी नव्हतं. दर रविवारी ती मला शेजारी बसवून घेत, जेवलास का विचारत. ते उपकार मी अजून विसरलेलो नाही.

कवितेची पहिली ओळ होती, ‘आई, मी दिन’. मजुरी करणारा मुलगा आईला सांगतोय की मी दिवस आहे, उजेड आहे, असा त्यांनी अर्थ लावला आणि ती पहिल्या पानावर घ्यायचं ठरवलं. मला म्हणायचं होतं दीन, भजनातला. मी इथे टिकत नाही, परत बोलाव, हे साध्या पत्रात लिहायची लाज वाटायची, म्हणून ती कविता.

छापण्याआधीच्या बैठकीला त्या जुन्या बंडखोरांपैकी एक जण आले. महाल भागातल्या एका छापखान्यात ते मुद्रितं तपासत. पोटासाठी दिवसभर लोकांच्या वेलांट्या दुरुस्त करत. कविता वाचून त्यांनी मलाच विचारलं, “दिन म्हणजे काय गा?”

“दीन,” मी म्हणालो. “दुसरी वेलांटी. मला येत नाही.”

आता इथूनही उठावं लागणार, असं वाटलं. पण संपादक खूश झाला. हे तर न ठरवता केलेलं बंड, तशीच छापू, म्हणाला.

“आम्ही मोडलं, कारण आम्हाले येत होतं,” ते म्हणाले. “त्याले शाळाच नाही भेटली. तो रडून राहिला, अन् तुम्ही वाहवा करून राहिले.”

“भाऊ, तुम्ही थकले आता,” संपादक त्यांना म्हणाला. “आम्ही तुमचंच तर चालवून राहिलो.”

मग सगळे माझ्याकडे वळले. बदलायची का, तूच सांग. भाऊ वाट बघत होते. मला पुढचा रविवार दिसत होता, गोदामातल्या खोलीतला, एकट्याचा.

राहू द्या, म्हणालो.

अंक निघाला. एक प्रत मी गावी पाठवली. महिन्याभरानं आईनं कुणाकडून तरी लिहून घेतलेलं कार्ड आलं. मास्तरांनी कविता वाचून अर्थ समजावून सांगितला, तुझं तिकडे चांगलं चाललंय हे ऐकून जीव निवला, आता घाईनं परत येऊ नकोस.