तिरपी धरलेली नळी

"रक्त गोठलं की ते मला सांगतं, मला विचारावं लागत नाही," असं ताई एकदा म्हणाल्या होत्या, आणि तेव्हापासून लॅबमध्ये त्यांच्या रिपोर्टवर कुणी दुसऱ्यांदा नजर टाकली नव्हती.

बोलण्यात फुशारकी होती, पण ती पोकळ नव्हती. रक्तातला वरचा पिवळसर भाग काचेच्या बारीक नळीत घ्यायचा, नळी कोमट पाण्यात धरायची, गुठळी सुरू करणारं औषध टाकायचं आणि स्टॉपवॉच दाबायचं. मग नळी तिरपी करायची, सरळ करायची, पुन्हा तिरपी. आतलं वाहतं, वाहतं, आणि एका झुकण्याला वाहत नाही. तेवढा वेळ मोजायचा. ताईंचं अर्धं आयुष्य त्या एका झुकण्याकडे बघण्यात गेलं होतं. शेजारी यंत्र आलं तेव्हा त्यांनी त्याला नव्या सुनेसारखं वागवलं: कामाला लावलं, किल्ल्या दिल्या नाहीत.

नवऱ्याचं रक्त तर त्या यंत्राच्या वाऱ्यालाही उभं करत नसत. नवरा सुतार. हृदयातली झडप बदलल्यापासून रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची मागे लागलेली. गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी, जास्त झाली तर आतल्या आत रक्तस्राव. मधली वाट अरुंद, आणि ती ताईंच्या आकड्यावर आखलेली. मध्यंतरी ताईंचे मोतीबिंदू काढले. भिंतींचे रंग परत आले, नळ्या काचेच्या दिसू लागल्या. त्याच सुमारास नवऱ्याचा आकडा खाली घसरू लागला. रक्त घट्ट होतंय म्हणून डॉक्टरांनी गोळी वाढवली, मग आणखी वाढवली. आणि त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, दंडावर निळे डाग उमटू लागले.

ब्रश जोरात घासता, असं ताई म्हणत. फळ्या खांद्यावरून वाहता, डाग पडणारच.

"तू आकडा काढ हवा तो," उशीचा अभ्रा त्यांच्यासमोर धरत तो म्हणाला होता. "गळतंय ते माझं आहे."

ताईंनी अभ्रा घेतला आणि थंड पाण्यात भिजत टाकला.

शहरातल्या तीन लॅबचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. एकाच माणसाचं रक्त इथे घट्ट, पुलापलीकडच्या हॉस्पिटलात बरं, बाजारातल्या लॅबमध्ये पातळ. रोगी बिचारा कुणाचं ऐकणार? म्हणून ताईंच्या लॅबच्या मुख्य डॉक्टरबाईंनी तिघांना एका टेबलाशी बसवायचं ठरवलं. यंत्रं जुळवायची तर हाताने केलेल्या तपासणीशी, त्यामुळे आधी हात जुळायला हवेत. औषध एकाच बाटलीतलं, पाणी एकाच ऊबेचं, नमुने तेच. वेगळे राहिले ते फक्त हात आणि डोळे.

पुलापलीकडून एक स्थूल गृहस्थ आले. नळी हलवताना गुणगुणायची सवय, म्हणून सगळे त्यांना गवई म्हणत. बाजारातून लॅबची मालकीणबाई आली, ती काम संपेपर्यंत तोंड उघडत नसे. ताईंनी पदर खोचला आणि मधली जागा घेतली. ती त्यांचीच होती.

आधी निरोगी माणसांचे नमुने झाले. स्टॉपवॉचवर तिघांचे अंगठे जवळजवळ एकदमच पडले. गवई खूश झाले, म्हणाले की चहाची वेळ यायच्या आत आवरतंय बघा. मग गोळी घेणाऱ्यांचे नमुने आले आणि ताईंचं स्टॉपवॉच प्रत्येक वेळी आधी वाजलं. पहिल्यांदा तिघांनी आकडे नुसते लिहून घेतले. दुसऱ्यांदा मालकीणबाईने मान वळवली.

"ताई," गवई म्हणाले, "आम्ही चपला शोधतोय तोवर तुम्ही घरी पोचलेल्या असता."

ताई हसल्या नाहीत. त्यांनी गवईंना पुढची नळी दाखवत दाखवत तिरपी केली. पिवळ्या पाण्यात केसाहून बारीक, पांढरा धागा तरंगला. "दिसला?"

"दिसला की. पण पाणी अजून चालतंय. ते थांबेपर्यंत मी बटण दाबत नाही."

डॉक्टरबाई हळूच मधे पडल्या. निरोगी रक्त एकदम थिजतं, तिथे धागा आणि गुठळी यांत अंतरच नसतं, म्हणून तिघं जुळले. पातळ केलेल्या रक्तात धागा आधी येतो, गुठळी रेंगाळत. गोळी किती द्यायची याचा तक्ता बनला तो गुठळीपर्यंत थांबणाऱ्या हातांवरून. ताईंचं बघणं चूक नाही, पण तक्त्याशी ते जुळत नाही. आज त्यांचे आकडे बाजूला ठेवावे लागतील, असं सांगताना बाईंनी टेबलाकडे बघितलं.

"पूर्वी जुळत होतं," ताई म्हणाल्या.

वाक्य पुरं होताहोताच ताईंना कारण दिसलं. पूर्वी डोळ्यांवर मोतीबिंदूची साय होती. सायीमागून धागा दिसत नसे, गुठळीच दिसे. साय निघाली आणि त्या आधी थांबू लागल्या. थांबल्या त्या प्रत्येक वेळी नवऱ्याचं रक्त होतं त्यापेक्षा घट्ट ठरलं, आणि गोळी वाढली.

स्टँडमध्ये एकच नळी उरली होती. सकाळी स्वयंपाकघरात, खुर्चीच्या हातावर दंड ठेवून, नवऱ्याने चेष्टा करत दिलेलं रक्त.

"हे घरचं आहे," ताई म्हणाल्या. आवाज सरळ होता. "त्यांची गोळी माझ्या धाग्यावर चाललीय. हे तुम्ही करा."

गवईंचं गुणगुणणं कधीच बंद झालं होतं. तुम्हीही करा, दोघं मिळून बघू, असं ते म्हणू लागले. ताईंनी मान हलवली. त्या शेजारी उभ्या राहिल्या असत्या तर गवईंचा अंगठा त्यांच्या चेहऱ्याकडे बघून पडला असता, हे इतक्या वर्षांत त्यांना पुरतं कळलेलं होतं.

त्यांनी नळी स्वतःच्या हाताने कोमट पाण्यात उभी केली, आकडा येताच नवऱ्याच्या डॉक्टरांना कळवता यावा म्हणून टेबलावरचा फोन डॉक्टरबाईंच्या हाताशी सरकवला, खोचलेला पदर सोडला. पाण्यात नळी ऊब धरत होती. गवईंनी औषधाची बाटली उचलली. ताई वळल्या आणि दाराबाहेर गेल्या.