जासिमची काडतुसं

निवृत्त होऊन कुवेतला आलो तेव्हा वाटलं, बंदुकीशी आपला संबंध संपला. पलटणीतली शेवटची वर्षं मी कोत एनसीओ होतो. कोत म्हणजे शस्त्रांची खोली. रायफली मोजायच्या, पुसायच्या, परत मोजायच्या. इथे मीना अल-अहमदी रिफायनरीच्या एका गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून लागलो. पुढे कंपनीने माझे जुने कागद पाहिले आणि मला वाळवंटाच्या कडेला असलेल्या एका शूटिंग क्लबच्या रेंजवर सेफ्टीला धाडलं. कपाळावर बारूदच लिहिलेली असेल तर इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, बदलून काय होणार.

पहाटे पाचला, आम्ही राहतो त्या अब्बासियातून कंपनीची बस. सहाला रेंज उघडायची. लाल झेंडा चढवायचा, वाळूच्या गोण्या सारख्या करायच्या, टार्गेट लावायची. नऊनंतर ऊन असं चढतं की लोखंडाला हात लावायची सोय राहत नाही, म्हणून मेंबर लोक सकाळीच येऊन जातात.

त्यांतले एक बू फहद. सत्तरी ओलांडलेले कुवेती गृहस्थ. त्यांचे वडील खजूर घेऊन मुंबईला जायचे, त्यामुळे म्हाताऱ्याची हिंदी माझ्यापेक्षाही मुंबईची. दर शरदात ते परमिट काढून बोस्नियाच्या डोंगरात हरणाच्या शिकारीला जात. रायफल वडिलांची, जुनी थ्री-नॉट-थ्री. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे ओढायचा आणि पुढे ढकलायचा. रिक्रूट असताना आम्हाला ड्रिलसाठी असल्याच म्हाताऱ्या रायफली दिल्या होत्या. त्या बोल्टचा खटका पहिल्यांदा ऐकला आणि मला सेंटरचं परेड ग्राउंड, उस्तादांच्या शिव्या, चहाची किटली सगळं आठवलं. त्या दिवसांत फार सुख होतं असं नाही, पण आता ते हवेसे वाटतात.

काडतुसं ते घरी स्वतः भरत. फौजेत खोका, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, हा सरकारी माल. एक रिकामा खोका हरवला तर अख्खी प्लाटून गुडघ्यांवर बसून गवत चाळते. हा माणूस मात्र झाडलेले खोके घरी नेई, घासूनपुसून बुडाला ठिणगीची नवी टोपी बसवी, छोट्या तराजूवर दारू तोली आणि वर गोळी दाबून बसवी. मी चेष्टेने म्हणायचो, साब, तुम्ही हलवाई व्हायला हवं होतं. आमची बायकोही तेच म्हणते, असं ते सांगायचे.

यंदा सप्टेंबरात एक दिवस ते आले ते न हसताच. टेबलावर फडकं उलगडलं. आत सात काडतुसं होती, हिरवट डागांची. धाकटा भाऊ जासिम याने भरलेली. दोघे भाऊ एकत्र शिकारीला जायचे. मग इराकी फौज आली, जासिमला घरातून उचलून नेलं, तो परत आला नाही. हाडंसुद्धा मिळाली नाहीत. आईने ही काडतुसं अंगणातल्या वाळूत पुरून ठेवली होती. आता डॉक्टरांनी बू फहदना सांगितलं होतं, हा शेवटचा डोंगर. शेवटचं हरीण जासिमच्या गोळीने टिपायचं, त्याआधी इथे एक झाडून बघायची, एवढीच त्यांची इच्छा.

मी एकेक काडतूस उजेडात फिरवून पाहिलं. चारांच्या मानेवर केसासारखी चीर होती. बाकीच्यांचं बूड वाळूतल्या खाराने खाल्लेलं. असला खोका चेंबरमध्ये फुटला तर गॅस मागे येतो, थेट तोंडावर. मी नाही म्हणालो.

ते म्हणाले, जासिमच्या हातून कधी चूक झाली नाही. मी म्हटलं, चूक जासिमची नाही, वाळूची आणि वर्षांची आहे. त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं, फायरिंग पॉइंटवर बसले, एक काडतूस चढवलं आणि बोल्ट बंद केला.

"सीझ फायर!" मी ओरडलो. बाकीच्या लेनवरचे मेंबर थांबले. मी पुढे होऊन त्यांच्या मुठीवर माझा हात ठेवला.

"हात हटा, हवालदार. मुदीर मेरा भतीजा है."

मुदीर म्हणजे क्लबचा मॅनेजर. अफसरच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये असं आमच्याकडे म्हणतात. मी दोन्हीकडून सापडलो होतो. त्यांचा एक फोन गेला असता तर संध्याकाळपर्यंत माझी बॅग भरलेली असती, आणि गावी मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष चालू होतं. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. तरी हात काढला नाही.

"साब, भाई ने ये आपके लिए भरे थे. आपकी आंख लेने के लिए नहीं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तेरा कोई गया है?"

तेव्हा मी त्यांना घागबद्दल सांगितलं. इथे आल्यापासून कोणालाच सांगितलं नव्हतं.

लान्स नायक घाग माझ्याच सेक्शनचा, गुहागरकडचा. सुट्टीवरून येताना पिशवीभर फणसाच्या आठळ्या आणायचा आणि बंकरमधल्या बुखारीच्या शेगडीवर भाजायचा. काश्मीरमध्ये एका नाल्यात आमच्या गस्ती तुकडीवर दोन्ही बाजूंनी फायर आला. दोघे जखमी झाले. त्यांना ओढून काढेपर्यंत घाग एका खडकाआडून फायर देत एकटा थांबला. रेडिओवर हुकूम आला, पीछे हटो. तो एवढंच म्हणाला, "आप चलो, मैं आया." आम्ही वळणापर्यंत पोचलो आणि त्याच्या रायफलीचा आवाज थांबला. उजाडल्यावर आम्ही त्याला आणलं. खडकापाशी पडलेले त्याचे खोके मी वेचले. एक खिशात ठेवावा असं फार वाटलं. ठेवला नाही, सगळे जमा केले.

ऑपरेशननंतर प्रत्येक जवानाने आपल्याकडे जिवंत राउंड उरला नाही असं मोठ्याने सांगायचं असतं. सुभेदारसाहेब नावं घेत गेले. सवयीने घागचंही नाव घेतलं गेलं. त्याची रायफल माझ्या हातात होती. मीच पुढे झालो.

"साब, लान्स नायक घाग के पास कोई जिंदा राउंड नहीं."

एकही नव्हता. शेवटचासुद्धा त्याने आमच्यासाठी झाडला होता.

बू फहदनी स्वतःच बोल्ट मागे ओढला, काडतूस काढून माझ्या तळहातावर ठेवलं. फडक्यातली बाकीचीही दिली. ती नष्ट करायला जातील हे त्यांना ठाऊक होतं. मी ती सात मोजून घेतली.

"नाम क्या था उसका? पूरा."

"बबन घाग."

"ऐसे नहीं. बिन कौन?"

अरबीत बिन म्हणजे मुलगा. आपल्याकडेही बापाचं नाव मधे असतंच. मी म्हणालो, "पांडुरंग."

त्यांनी दोन्ही तळवे वर केले आणि हलक्या आवाजात दुआ म्हटली. मला अरबी येत नाही. त्यातली दोन नावं तेवढी कळली. जासिम बिन इब्राहिम. बबन बिन पांडुरंग. दुआ संपेपर्यंत मी सावधानमध्ये उभा होतो.