बाबांनी जोडलेला पट्टा

संपामुळे घरी बसलेल्या गिरणी कामगाराइतका उपद्रवी माणूस दुसरा नसेल, हे मी लालबागच्या आमच्या एका खोलीत राहून सांगते. बाबा साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. हयातभर कापड विणलेलं, आता गिरणी बंद म्हटल्यावर त्या हातांना चैन पडेना. त्यांनी धड चालणारा स्टोव्ह उघडून परत जोडला. फळीवरचे डबे उंचीप्रमाणे लावले. आईने ते पुन्हा तिच्या सोयीने लावले, की बाबांनी पुन्हा उंचीप्रमाणे. आई खानावळीत पोळ्या लाटायला बाहेर पडायची आणि मी राहायचे त्यांच्या तावडीत.

मला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. अर्जासोबत स्वतःच्या रचनेचं एक चित्र द्यावं लागे आणि माझा सगळा जीव त्यात अडकला होता. फुलं, माणसं, देखावे मला कधी धड जमले नाहीत. मला कंपास आवडायचा. वर्तुळ काढा, कंपास तेवढाच उघडा ठेवून परिघावर खुणा करत जा, बरोबर सहा पावलांत तो निघाला तिथे परत येतो. घरात कशाचाच भरवसा नसताना एवढं तरी नेमाने व्हायचं. त्या खुणांवरून मी त्रिकोण, षटकोन, चांदण्या काढत कागद भरायचे आणि चांदण्यांमधून निळे पट्टे फिरवायचे, एकाच्या वरून, दुसऱ्याच्या खालून.

फणसवाडीत एक सर आमच्यासारख्यांची तयारी करून घेत. गोड बोलणं त्यांना ठाऊक नव्हतं. माझा कागद त्यांनी हातभर लांब धरला आणि म्हणाले, "हे चित्र आहे की न्हाणीतल्या लाद्या? नजर नुसती गरगर फिरतेय. तिला कुठे तरी अडव की!"

मी चडफडत घरी आले. पुष्कळ कागद फुकट घालवल्यावर एकदाचं ते सापडलं. सगळे पट्टे नेमाने जाऊ दिले आणि मध्याच्या जरा डावीकडे एक पट्टा अर्ध्यातच थांबवला. पुढे बोटभर कोरा कागद. नजर फिरत फिरत तिथे यायची आणि थबकायची. मला इतका आनंद झाला की चित्र ट्रंकेवर वाळत टाकून मी गुणगुणत पाणी भरायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडाळी घेऊन फणसवाडी गाठली. सरांनी ती उलगडली आणि म्हणाले, "लाद्या परत आल्या."

मी वाकून पाहिलं. पट्टा पुरा झाला होता. तोच निळा, तेवढीच रुंदी, वरून जायचा तिथे वरून, खालून जायचा तिथे खालून. कोणाचं काम ते विचारायची गरजच नव्हती.

घरी येऊन चपलासुद्धा न काढता विचारलं, "बाबा, माझ्या चित्राला हात लावलात?"

"लावलंय," बाबा खुशीत म्हणाले. "धागो तुटलो हुतो थंय. जोडलंय. कळणा पण नाय, बघ."

"तुटला नव्हता! मी मुद्दाम सोडला होता."

"मुद्दाम कोण तोडता गो?"

आता याला काय म्हणावं! साच्यावर धागा तुटला की साचा थांबवायचा, गाठ मारायची, मगच पुढे. त्या माणसाला सगळ्या कागदावर फक्त तेवढीच जागा दिसली होती. मी ब्लेडने रंग खरवडून पाहिला तर कागदाचा भुसा निघाला. चित्र उद्या द्यायचं होतं आणि जाड कागद एकच उरला होता. मी रडले, ओरडले, शेजारच्या खोल्यांतून डोकी बाहेर आली. आईने खानावळीतून आल्या आल्या निकाल दिला, "दोघांनी घातलाय ना घोळ? दोघांनी निस्तरा."

माझा घोळ कुठला होता यात? पण वाद घालायला वेळ नव्हता. मी कंपास फिरवला, रेघा आखल्या, बाबा मांडी घालून पट्टे रंगवायला बसले. त्यांचे पट्टे माझ्यापेक्षा सरळ येत होते, याचाही मला रागच आला. मग ती जागा आली. बाबांचा ब्रश थांबला.

"ह्यां तू कर," ते म्हणाले.

"करायचं काय? काहीच करायचं नाहीये तिथे."

"तांच. तां माझ्याच्यान होवचा नाय." आणि ते खरोखरच उठून बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले. वर तिथून विचारतायत, "झाला काय गो?"

मला प्रवेश मिळाला. बाबा मात्र पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. पुढे चित्र कॉलेजातून परत आलं, ते मी टाचण्यांनी भिंतीवर लावलं. आठवडा झाला नसेल, बाबांनी त्यावर एक छोटं कॅलेंडर टांगलं. सगळी भिंत मोकळी असताना नेमकं त्या जागेवर! मी ते काढायचे, बाबा परत टांगायचे. डब्यांचंच प्रकरण पुन्हा. शेवटी मी नाद सोडला, आणि ते असेपर्यंत दर वर्षी तिथे नवं कॅलेंडर आलं.

बाबा गेल्यावर खोली आवरताना मी शेवटचं कॅलेंडर खाली घेतलं. मागे कागद अजून पांढरा होता. आणि त्या कोऱ्या जागेतून, पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दोन बारीक रेघा. पेन्सिलीच्या. खोडता येतील अशा.

मी तिथेच जमिनीवर बसले आणि मोठ्याने म्हणाले, "अहो बाबा, चूक नव्हती हो ती!" असा संताप आला, आणि ऐकायला समोर कोणी नव्हतं.

चित्र आता माझ्या घरात आहे. आल्यागेल्याला पहिली तीच जागा दिसते. इथे रंगवायचं राहिलं का, विचारतात. मी म्हणते, असू दे तसंच, आमच्या दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.