शंकरपाळ्यांची बशी

काल आईला घेऊन साहेबांच्या घरी गेलो होतो. त्यांच्या पत्नीने शंकरपाळ्यांची बशी पुढे केली. "घ्या ना आई, घरच्याच आहेत." आईचा हात निघाला, मध्येच थांबला आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

ती नजर ओळखीची होती. लहानपणी ती माझी असायची. कुणाकडे गेलो, की खाऊ घेण्याआधी मी आईकडे बघायचो. तिनं डोळे वटारले की म्हणायचो, "नको, आत्ताच जेवलोय." परतताना तिचा हात माझ्या पाठीवरून फिरायचा. "गुणाचं गं माझं लेकरू!" त्या हातासाठी मी भूक गिळायला शिकलो. पुढे भूक लागल्याचंही कळेनासं झालं. याच वळणामुळे शिकलो, नोकरीला लागलो. आईचे उपकारच आहेत ते.

ती माझ्याकडे राहायला आल्यापासून "इथं असं करत नाहीत गं" हे मीच तिला सांगत आलोय. काल मात्र मी डोळे वटारले नव्हते. निदान मला तरी तसं वाटतं.

"नको बाई, आत्ताच जेवलेय," आई म्हणाली. आम्ही जेवलो नव्हतो.

रस्त्यात तिनं विचारलं, "नीट वागले ना रे मी?"

मला काहीच वाटलं नाही. हात तेवढा आपोआप तिच्या पाठीवरून फिरला.