मुराळ्याशिवाय माहेरी

मी लग्न करून सुरतेला निघाले तेव्हा माझी माय दोंडाईच्याच्या स्टेशनावर उभी होती. हातात भाकरीचं गाठोडं. गाडी यायच्या आत तिनं मला बाकड्यावर बसवून अर्धी भाकरी खायलाच लावली. म्हणाली, "पोट भरीसन निंघ, माय. भुक्या पोटले वाट लांब लागस." माझी सासू शेजारीच उभी होती. गाडीत चढल्यावर मला म्हणाली, "खाल्लं ते खाल्लं, आता पाणी पिऊ नको. बाईमाणसाला वाटेत उतरता येत नाही." मी पिले नाही. उन्हाळ्याचे दिवस, पत्र्याचा डबा, आणि मी नवी नवरी घोटभर पाण्याशिवाय सुरतेपर्यंत. सुरतेच्या उधना स्टेशनावर उतरले तेव्हा जीभ टाळूला चिकटलेली होती. नवऱ्याचं घर कसं होतं, गल्ली कशी होती, मला काही दिसलं नाही. मला फक्त माठ दिसला.

हे मी बोलते आणि माझी नात लिहिते. मी दुसरी नापास. ज्या बाया गावात राहिल्या त्यांच्यासाठी सांगते, आणि ज्या माझ्यासारख्या सुरतेच्या लिंबायतला येऊन कापडाच्या लूमच्या खटखटीत म्हाताऱ्या झाल्या त्यांच्यासाठी पण.

नवरा लूमवर, मी घरात साड्यांना टिकल्या चिकटवायची. पोरं झाली, दोन गेली, एक राहिला, रवी. नवरा पण गेला. सगळं सांगत बसत नाही, तुमच्या घरी पण तेच झालंय. पण वर्षातून एक गोष्ट माझी होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की माझा धाकटा भाऊ सुकलाल मला न्यायला यायचा. आपल्यात लेकीला माहेरी न्यायला मुराळी लागतो. भाऊ येतो, जेवतो, सासूला विचारतो, मग लेक निघते. सुकलाल दारात चप्पल काढतानाच ओरडायचा, "चाल वं ताई, माय वाट देखी ऱ्हायनी!" शेजारणी हसायच्या. म्हणायच्या, आला हिचा हिरो.

एका आखाजीला त्याला ताप होता. मायनं गावाकडून लूमवर येणाऱ्या माणसाजवळ निरोप धाडला की एकटीच ये. मी गाठोडं बांधलं. सासू म्हणाली, "मुराळी आल्याशिवाय सून उंबरा ओलांडत नाही." गाठोडं बांधलेलंच राहिलं. तिकडे माय ओट्यावर बसून राहिली. पुढच्या आखाजीला सुकलाल आला, तेव्हा तो "माय वाट देखी ऱ्हायनी" म्हणाला नाही. वाट बघणारी पावसाळ्यातच गेली होती.

आता मागच्या थंडीत सुकलाल पण गेला.

आखाजीला आपण गेलेल्यांच्या नावानं मातीची घागर भरतो, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतो. सुकलालच्या नावाची ही पहिली घागर. माझ्या पाठीवर वाढलेलं पोर ते. त्याच्या घागरीत माझ्या हातचं पाणी नको? मी वाट बघितली. सुकलालचा पोरगा संजय न्यायला येईल असं वाटलं. त्याचा फोन आला, तो माझ्याशी नाही, रवीशी बोलला. उन्हाचं आत्याला कशाला त्रास, व्हिडिओ कॉलवर दाखवू म्हणे घागर.

रवी म्हणाला, "बरोबर बोलतो तो. आई, मागच्या वेळी उधन्याला पडली होतीस, विसरलीस का?"

"पडले होते. उठले पण होते. तेवढं तू विसरलास."

"आणि आता गाडीत पडलीस तर?"

"तर गाडीतले लोक उचलतील. तू कामावर असतोस, घरी पडले तर कोण उचलतं?"

माझी सून ज्योती तोंडाला पदर लावून हसली. ती इथलीच, सुरतेत वाढलेली, अर्धं गुजराती बोलते. रवी बाहेर गेला तशी म्हणाली, "मम्मी, तुम्ही जा. पण तैयारी करून जा." आणि मोबाईलवर एक पोरगी लावून दिली. ती सांगत होती, प्रवासाचं टेन्शन कमी कसं करायचं. डोळे मिटा, लांब श्वास घ्या. मी ज्योतीला म्हटलं, "हिला एकदा भुसावळ पॅसेंजरमध्ये संडासाजवळ बसव. मग सांग म्हणावं लांब श्वास घ्यायला."

पण एक गोष्ट त्या पोरीची खरी होती. ती म्हणाली, कशाची भीती वाटते ते आधी ओळखा. मी रात्रभर विचार केला नाही, मला लगेच कळलं. मला गाडीची भीती नव्हती. गर्दीची पण नाही. मी उधन्याला पडले कशानं? पाण्यावाचून. सासू मरून किती वर्षं झाली, तरी मी प्रवासात पाणी पीत नव्हते. उलट निघायच्या आदल्या संध्याकाळपासूनच बंद करायची. बीपीची गोळी पण कोरडीच गिळायची. आपण सगळ्या हेच करतो, खोटं सांगू नका. गाडीतल्या संडासाला जायची लाज, पोरांना सोबत चल म्हणायची लाज. लाजेनं पाडलं मला, वयानं नाही.

म्हणून मी माझी तयारी माझ्या डोक्यानं केली. आखाजीच्या आदल्या दिवशी अख्खा खान्देश त्या गाडीत चढतो, म्हणून मी चार दिवस आधीचं तिकीट काढायला लावलं. संध्याकाळी ऊन उतरलं की उधन्यापर्यंत पायी जायचं, पुलाचा कठडा धरून चढायचं, उतरायचं, परत यायचं. पायांना रस्ता पाठ झाला पाहिजे, मग डोकं घाबरत नाही. नवी चप्पल ज्योतीनं आणली होती, ती घरीच ठेवली. प्रवासात नवी चप्पल म्हणजे पायात भांडखोर नणंद. सकाळच्या गोळ्या पांढऱ्या फडक्यात, संध्याकाळच्या लाल फडक्यात. उन्हासाठी पिशवीत कांदा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, लसणाची चटणी. पिशवी भरली आणि उचलून गल्लीच्या टोकापर्यंत नेली. जड लागली. संजयसाठी घेतलेला टॉवेलचा सेट काढून टाकला. न्यायला येत नाही, टॉवेल कशाला?

आणि पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या. ओलं फडकं गुंडाळून.

रवीला हे सगळं दिसत होतं. निघायच्या दिवशी सकाळी मला म्हणाला, "आई, पण मुराळी नाही आला. लोक काय म्हणतील, न बोलवता गेली."

मला राग आला. खूप वर्षांचा असेल. मी म्हटलं, "माझी माय मुराळ्यापायी वाट बघून मेली. आता मला पण तसंच बसव."

मग त्यानं पिशवी उचलली, रिक्षात ठेवली, आणि गाडीत बायकांच्या डब्यात संडासाजवळची जागा धरून दिली. मीच सांगितली होती तीच. शेजारी बसलेली बाई नाक मुरडून म्हणाली, "इथं कशाला बसता मावशी, वास येतो." मी म्हटलं, "येऊ दे. मला जवळ पडतं." आणि तिच्यासमोर घटाघट पाणी पिले.

बारडोली गेली, व्यारा गेलं, मी पाणी पीत होते. उठायची, जायची, दांडी धरून परत यायची. नंदुरबारला भाकरी सोडली. त्या नाक मुरडणाऱ्या बाईला पण दिली. ती अमळनेरला निघाली होती, ओठ फुटलेले. मी बाटली पुढं केली. म्हणाली, "नको, मग जावं लागतं." मी म्हटलं, "जा की. मी पिशवी सांभाळते." मग तिनं बाटली घेतली आणि तोंडाला लावली.

दोंडाईच्याला मी उभ्या पायांनी उतरले. डोकं जागेवर होतं. बाकडं बघितलं, ते आता सिमेंटचं झालंय. तिथं थोडी बसले.

गावात सुकलालच्या दारात त्याची बायको सुमन धान्य निवडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं. आधी रडली नाही. आधी माझ्या पाठीमागं बघितलं, आणायला कोण गेलं होतं ते.

"कोन लेवाले उनं व्हतं, ताई?"

"कोनीच नही. मी एकलीच उनू."

मग रडली. मी पण. संजय आला, मान खाली घालून माझी पिशवी आत घेऊन गेला. चहात साखर जास्त टाकून आणली त्यानं, तेवढं पुरे.

आखाजीला घागर मी भरली. विहिरीवर आता मोटर आहे, नळाखालीच भरली. डांगर सुमननं ठेवलं. मी मनात म्हटलं, भाऊ, या वेळी मी आले रे तुला न्यायला.

दुपारी लिंबाखाली झोका बांधलेला होता, पोरी गाणी म्हणत होत्या. सुमन माझ्याजवळ बसली आणि हळूच म्हणाली, तिचा भाऊ गेल्यापासून ती शहाद्याला माहेरी गेलेली नाही. न्यायला येणारं कोणी नाही. तिची भावजय तिकडे एकटी आहे. "आता या वयात कसलं माहेर," म्हणाली.

मी विचारलं, "प्रवासात पाणी पितेस का?"

तिला कळेना. मी तिला पाण्याच्या बाटल्या दाखवल्या.

आता मी परत लिंबायतला आहे. लूम खटखट करतात, ज्योती टिकल्या लावते, रवी शेजाऱ्यांना सांगतो, माझी आई एकटी जाऊन आली. जसं काही त्यानंच धाडलं. घर कुठलं म्हणून विचारतात लोक, गावचं की सुरतेचं. दोन्ही. जिथं मी माझ्या पायांनी जाते आणि आत जायला कोणाला विचारत नाही, ते माझं घर.

पिशवी खुंटीला टांगली आहे. कांदा बदलला की झालं. येत्या आखाजीला आधी सुमनच्या दारात जाणार. चप्पल काढतानाच ओरडणार, चाल वं सुमन, तुन्ही भावजय वाट देखी ऱ्हायनी.