आयुब पेंटरचा अणू

बेंबळीच्या आयुब पेंटरचा एक नेम होता. रंगवलेली भिंत खरी असली तरच तो खाली कोपऱ्यात बोटभर अक्षरात 'आयुब पेंटर, बेंबळी' टाकायचा. दुकानाची पाटी खरी, म्हणून तिथं पुरं नाव. खताची जाहिरात अर्धी खरी, म्हणून तिथं नुसतं 'आयुब'. एका निवडणुकीत त्यानं पस्तीस गावच्या भिंतींवर 'चोवीस तास पाणी' रंगवलं आणि खाली कायच टाकलं न्हाय. उमेदवारानं विचारलं, नाव टाकायचं विसरलास व्हय? आयुब म्हणाला, "साहेब, पाणी आलं की टाकतो." ते नाव अजून टाकायचं राहिलंय.

पुढं फ्लेक्स आला. ज्या पुढाऱ्याचं तोंड रंगवायला आयुबला तीन दिवस लागायचे, ते तोंड धाराशिवच्या मशिनातून सात मिनिटांत बाहेर पडाय लागलं, तेही गोरं होऊन. पुढारी खूश झाले. आयुबच्या हाती उरल्या त्या शाळांच्या बोलक्या भिंती. पाढे, बाराखडी, फुलाचे भाग, पचनसंस्था असलं समदं भिंतीवर रंगवायचं. मास्तर वर्गात बोलो न बोलो, भिंतीनं तरी बोलावं, असा वरच्या लोकांचा हिशेब असावा.

तर बेंबळीपासून दोन कोसांवर एका वस्तीवर शाळा आहे. शाळेचं नाव सांगत न्हाय, मुख्याध्यापक अजून नोकरीत आहेत. त्यांचं नाव गौरीशंकर सर. आठ दिवसांनी शाळेची तपासणी करायला समिती येणार होती. भिंती समितीला पसंत पडल्या तर आसपासच्या आणखी सहा शाळा आयुबकडं येणार होत्या. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी एवढं काम हाती लागणं म्हणजे दोन वर्षांची चूल पेटती राहणं, हे आयुबला माहीत होतं आणि त्याच्या बायकोला, बिस्मिल्लाबीला, त्याहून जास्त माहीत होतं.

पश्चिमेच्या भिंतीवर बावीस वर्षांमागं आयुबनंच काढलेला अणू होता. मधी लाल गोळा, भवती तीन कड्या, कड्यांवर निळे इलेक्ट्रॉन, बुंदीच्या लाडवासारखे गरगरीत. खाली पुरं नाव. आयुब शेजारच्या भिंतीला शिडीची घोडी लावून फुलाच्या पाकळ्या उजळत होता, तेवढ्यात विज्ञानाच्या नव्या मॅडम, राजनंदिनी त्यांचं नाव, आठवीचा वर्ग घेऊन अणूपुढं उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हे चित्र वहीत काढून घ्या. आणि त्याच्यावर मोठी फुली मारा. हे चुकीचं आहे."

आयुब घोडीवरून खाली उतरला. बावीस वर्षं त्याच्या नावाखाली चूक उभी होती आणि शाळेतल्या कुणालाच ती दिसली नव्हती. त्यानं अदबीनं विचारलं, काय चुकलं? कडी वाकडी हाय का?

मॅडमनी सांगितलं की कडी सरळच आहे, पण कडीच नसते. इलेक्ट्रॉन असा गोल फिरत नाही. जोवर बघत नाही तोवर तो एका जागी नसतोच. बघितला की मात्र एका जागी सापडतो. म्हणून त्याचा नुसता ढग काढायचा, जिथं सापडायची शक्यता जास्त तिथं दाट, कमी तिथं विरळ.

आयुबनं मान हलवली. सासुरवाडीला गेलेला जावई जशी हलवतो तशी, म्हणजे कळलं न्हाय पण वाढून घेतलं.

घरी आल्यावर बिस्मिल्लाबीला सांगितलं. ती म्हणाली, यात नवं ते काय? म्या फोन लावला की तुमी चहाच्या हाटेलात, शाळेत न्हायतर मशिदीत. कुणी डोळ्यानं बघेपर्यंत काय सांगावं? त्यातही हाटेलात जास्त दाट.

आयुबला लई आनंद झाला. शिकल्यासवरल्या लोकांना जे जड गेलं ते आपल्या बायकोनं भाकरी थापता थापता सोडवलं, असं वाटून तो सकाळी शाळा उघडायच्या आत गेटावर हजर. मॅडमनी ऐकून घेतलं, हसल्या, आणि म्हणाल्या, "नाही चाचा. तुम्ही कुठंतरी असताच. काकूंना माहीत नसतं एवढंच. इलेक्ट्रॉनचं तसं नाही. त्याला स्वतःलाच जागा नसते."

इथं मात्र आयुबची गाडी रुतली. आपल्याला ठाऊक नसणं ही गोष्ट त्याला कळत होती, ती तर त्याची रोजची. पण ती वस्तूच कुठं नसावी आणि तरी असावी, हे काय गौडबंगाल? तीन दिवस तो घोडीवर चढून नुसताच बसायचा. पचनसंस्थेचं मोठं आतडं त्या नादात दोनदा जठराला जोडलं.

त्यानं विचारपूसही केली. गौरीशंकर सर म्हणाले, हे सगळं आपल्याकडं पूर्वीच सांगून ठेवलंय. कुठं सांगितलंय, म्हणून आयुबनं वही काढली, तर सरांना एकदम ऑनलाइन माहिती भरायची आठवण झाली. शेतीची औषधं विकणाऱ्या धनाजीकडं तर 'क्वांटम' नावाची फवारणीची बाटलीच होती. आयुबनं विचारलं, यात क्वांटम कुठाय? धनाजीनं बाटली हलवून दाखवली आणि म्हणाला, हलवल्याशिवाय येत न्हाय. मोबाईलवर एक कोटवाला इसम सापडला. तो म्हणत होता की क्वांटम म्हणजे आपण मनात धरू ते होतं. आयुबनं अर्धा तास डोळे मिटून धाराशिवचं फ्लेक्सचं मशीन बंद पडावं असं मनात धरलं. संध्याकाळी चौकात नवा फ्लेक्स लागला. त्यावर त्याच कोटवाल्याचं शिबिर होतं.

चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो मॅडमकडं गेला. म्हणाला, एक जुनी गोष्ट सांगतो, ती या भिंतीत बसती का बघा.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आयुब सास्तूरला गेला होता. तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा. घरं पडली तशी घरातले फोटोही गेले होते. माणसं म्हणायची, आमी सांगतो तसं काढून दे. अशा एका घरी भूकंपात गेलेल्या बापाचं चित्र काढायचं होतं. थोरला म्हणाला, नाक पोपटासारखं होतं. मधला म्हणाला, न्हाय, बसकं. धाकटा रडायलाच लागला, त्याला नाकच आठवंना. त्यांची आत्या बानूबाई म्हणाली, नाक माझ्यासारखं, आणि तिचं नाक पदरात. सकाळपासून दुपारपर्यंत नाकावर भांडण. शेवटी आयुब कंटाळला आणि कुंचला टेकवला. जे आलं ते आलं. चौघंही पुढं वाकले. मग थोरला म्हणाला, ह्योच. मधला म्हणाला, म्या म्हणत नव्हतो? त्या दिवसापासून त्या घरात बापाचं तेच नाक आहे. चौघांतल्या कुणालाच दुसरं आठवत न्हाय.

"मग म्या कुंचला टेकवायच्या आदी ते नाक कुठं व्हतं?" आयुबनं विचारलं. "तीस वर्षं झाली, मला त्याचं उत्तर मिळंना."

राजनंदिनी मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "पण चाचा, बापाला नाक होतं."

"बापाला व्हतं," आयुब म्हणाला. "त्या चौघांपाशी नव्हतं."

मॅडम म्हणाल्या, एवढ्यावर थांबा, याच्या पुढं मलाही नीट कळत नाही, मी एम.एस्सी.ला पाठ केलं होतं. आयुबला हे ऐकून हुरूप आला. न कळणाऱ्या माणसांत आपण एकटे न्हाय, आणि आपल्या सोबतीला पदवीधर आहे, एवढं त्याला बास होतं.

त्यानं जुना अणू घासून काढला. गादीचा स्पंज फाडला, निळा रंग पाण्यासारखा पातळ केला आणि टिपायला सुरुवात केली. पूर्वी प्रचारसभेची गर्दी काढताना तो हेच करायचा. एकेक डोकं काढायचं न्हाय, दाबून दाबून स्पंज टेकवायचा, स्टेजपाशी दाट, मागं विरळ. दोन दिवस लागले. मधी निळं गच्च, बाहेर येता येता धुरागत होऊन भिंतीत मिसळून गेलेलं. कुठं संपतं ते आयुबलाही दाखवता येईना. त्यानं खाली बोटभर अक्षरात पुरं नाव टाकलं. गेल्या बावीस वर्षांतली ही त्याची सगळ्यात खरी भिंत.

बिस्मिल्लाबी डबा घेऊन आली. लांबून बघून म्हणाली, "दीवाल को ओल आयी क्या जी?"

आयुबनं ते मनावर घेतलं न्हाय. पण समिती यायच्या आदल्या दिवशी तपासणीची रंगीत तालीम घ्यायला केंद्रप्रमुख आले. फुलं बघितली, पाढे बघितले, पश्चिमेच्या भिंतीपुढं थांबले. बोटानं खरवडलं. नखात निळं आलं, ते हुंगलं. म्हणाले, सर, वर टाकी आहे का? गौरीशंकर सर म्हणाले, टाकी पूर्वेला आहे. केंद्रप्रमुख म्हणाले, पाणी वाट काढतं. आणि वहीत लिहिलं: पश्चिम भिंत, ओल, तातडीची दुरुस्ती. सरांनी वर टाकीचा नळ बंद करायला माणूस पाठवला. राजनंदिनी मॅडमनी पुढं होऊन सांगितलं की ही ओल नाही, हा अणू आहे. केंद्रप्रमुख समजुतीनं म्हणाले, मॅडम, अणूला कड्या असतात.

ते गेल्यावर गौरीशंकर सरांनी आयुबला बोलावलं. समिती उद्या अकराला. भिंत चुन्यानं झाका आणि आपला नेहमीचा अणू काढा.

"सर, त्यो चुकीचा हाय."

"चुकीचा असू द्या, पण ओळखू येतो."

आयुब ढगापुढं उभा राहिला. सहा शाळा डोळ्यांपुढं होत्या आणि बिस्मिल्लाबीही होती. मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, काढा चाचा. वर्गात मी सांगीन. खाली खरा आहे, हे आपल्याला ठाऊक आहे.

तो सरांकडं परत गेला. म्हणाला, "काढतो. पर खाली नाव माझं टाकणार न्हाय."

सरांना वाटलं पेंटर जास्त मागतोय. आयुबनं समजावलं की तसं काय न्हाय, तुमच्या सांगण्यावरून काढतोय तर नाव तुमचंच शोभंल. सरांनी दोन वेळा नको नको म्हटलं, तिसऱ्यांदा 'संकल्पना' हा शब्द स्वतःच सुचवला.

दुसऱ्या दिवशी अकराची समिती दोनला आली. पश्चिमेच्या भिंतीवर लाल गोळा, तीन कड्या, निळे इलेक्ट्रॉन पूर्वीपेक्षा गरगरीत, आणि खाली बोटभर न्हाय, वीतभर अक्षरात: 'संकल्पना व मार्गदर्शन: मा. मुख्याध्यापक गौरीशंकर सर'. समितीचे अध्यक्ष खूश होऊन बघत राहिले. मग काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "हे कुठल्या बाजूनं फिरतात?"

सरांनी आयुबकडं बघितलं. आयुबनं मॅडमकडं बघितलं. मॅडमनी आभाळाकडं.

"घड्याळाच्या दिशेनं," सर म्हणाले.

अध्यक्षांनी लिहून घेतलं. शाळेला 'अ' श्रेणी मिळाली. पश्चिमेच्या भिंतीच्या ओलीसाठी निधीही मंजूर झाला, आणि हिवाळ्यात त्या कोरड्या ठणठणीत भिंतीला बाहेरून जलरोधक प्लास्टर झालं.

आयुबला सहाही शाळा मिळाल्या. तो घोडी मोटारसायकलला आडवी बांधून जातो, पहिल्यांदा मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरतो आणि रंगाची चौकशी करायच्या आधी विचारतो, अणू खरा काढू का नेहमीचा? आजवर पाच शाळा झाल्या, पाचही जणांनी नेहमीचा सांगितलाय.

"बरं," आयुब म्हणतो आणि खिशातून पेन्सिल काढतो. "मग सर, खाली तुमचं नाव कसं लिहायचं तेवढं सांगा."